परदेशातून : नागोबाचं चित्र आणि विष उतरवणारे

श्रावण लागला की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नागपंचमीचा वाद पेटतो. एका बाजूला माझा चुलतभाऊ, अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम मनापासून करणारा. भिंतीवरचं नागाचं चित्र, लाह्या, दूध, त्या दिवशी चुलीवर तवा न ठेवणं, हे सगळं एकदाचं बंद व्हावं असं त्याला वाटतं. दुसऱ्या बाजूला नागपूरच्या महाल भागात राहणारे काका. जगानं टाकून दिलेलं आपण जपलं आणि आता आपल्याच पोरांना त्याची लाज वाटते, हे त्यांचं दुःख. यंदा काकांनी इटलीतल्या कोकुल्लो गावाचा व्हिडिओ टाकला. संताची मूर्ती, तिच्या अंगाखांद्यावर जिवंत साप. खाली मला उद्देशून लिहिलं, "तुमच्या युरोपात हे चालतं, मग बत्तीस शिराळ्यालाच कायदा का आडवा येतो?"

मी रोममध्ये राहते, कोकुल्लोचा तो उत्सव पाहिलेला आहे. त्यामुळे उत्तर देणं मला भाग आहे.

कोकुल्लो हे अब्रुझ्झोच्या डोंगरातलं अगदी लहान गाव. 1 मे रोजी संत डोमेनिकोची मिरवणूक निघते. सर्पदंश आणि दातदुखी यांपासून हा संत राखतो अशी तिथली श्रद्धा. लोक चर्चमधल्या घंटेची साखळी दातात धरून ओढतात. थंडी ओसरली की गावातले साप पकडणारे रानात जातात, साप आणतात, सांभाळतात आणि उत्सव झाल्यावर जिथून आणले तिथेच सोडतात. मधल्या काळात सर्पतज्ज्ञ त्या सापांची मोजमापं घेतात, प्रकृती तपासतात. हे साप तिथेही कायद्यानं संरक्षित आहेत, म्हणून सरकारची खास परवानगी लागते. म्हणजे काका, कायदा तिथेही आहेच.

आणि एक मोठा फरक व्हिडिओत दिसत नाही. त्या मूर्तीवरचा एकही साप विषारी नसतो. बत्तीस शिराळ्याला पूजा व्हायची ती जिवंत, विषारी नागाची. त्याला आठवडेच्या आठवडे मडक्यात कोंडून, माणसांच्या गर्दीत फणा काढायला लावणं नागालाही जाचाचं आणि माणसालाही धोक्याचं. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यानंतरचे उच्च न्यायालयाचे आदेश मला योग्यच वाटतात. नागपुरात घरोघरी कागदावरचा नाग भिंतीला लावून पूजा होते. ही रीत कुणाचंही काही बिघडवत नाही. दूध मात्र जिवंत सापाला पाजू नये. ते त्याचं अन्न नाही, त्यानं तो आजारी पडतो.

भावाला मात्र माझं वेगळं सांगणं आहे. नागाची पूजा हे अडाणीपणाचं लक्षण मानलं, तर सगळ्या जुन्या जगाला अडाणी म्हणावं लागेल. अथेन्सच्या अक्रोपोलिसवर एक राखणदार साप राहतो असं लोक मानत आणि दर महिन्याला त्याच्यापुढे मधाची पोळी ठेवत. इ.स.पू. 480 मध्ये इराणी सैन्य आलं तेव्हा ती पोळी तशीच राहिल्याचं पुजारणीनं सांगितलं. शहराची देवी अथेनाच निघून गेली असं समजून लोकांनी शहर रिकामं केलं. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं हे नोंदवून ठेवलंय. पॉम्पेई या प्राचीन रोमन शहरात घरांतल्या देव्हाऱ्यांत भिंतीवर साप रंगवलेले आहेत, वेदीकडे सरपटत जाणारे, आणि वेदीवर त्यांच्यासाठी अंडी ठेवलेली. आमच्या आजीच्या भिंतीवरचा नागोबा मला तिथे पहिल्यांदा नीट कळला. घराखालच्या जमिनीचा मालक आपण नाही, कुणीतरी आधीपासून तिथे राहतंय, त्याच्याशी गोडीनं राहायचं, ही भावना दोन्हीकडे आहे. ती पुसून कुणाचं काय भलं होणार?

पण ही पूजा आणि चावल्यावर विष उतरवणं, या दोन गोष्टींची आपण गल्लत करतो. भाऊ दोन्ही नाकारतो, काका दोन्ही उराशी धरतात. जुन्या लोकांना यातला फरक थोडाफार तरी उमगला होता. मांत्रिक तेव्हाही होतेच: अब्रुझ्झोच्याच भागात पूर्वी मार्सी लोक राहत, अँगिशिया या देवीचे भक्त, सापाला मंत्रानं झोपवणारे म्हणून रोमभर प्रसिद्ध. पण न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयात सर्पदंशावरचा एक इजिप्ती पपायरस आहे, सुमारे तेवीसशे-चोवीसशे वर्षांपूर्वीचा. त्यात मंत्र आहेतच, पण आधी कोणता साप कसा दिसतो, त्याच्या दंशाची खूण कशी, कोणता रोगी वाचेल आणि कोणता नाही, याची वर्गवारी आहे आणि नंतर कांद्यासारखी औषधं. लिहिणारा सर्केत या विंचूदेवीच्या पुजाऱ्यांसाठी लिहीत होता, तरी त्याचं लक्ष जखमेवर होतं. रोममध्ये टायबर नदीच्या बेटावर ॲस्क्लेपियस या वैद्यकीच्या ग्रीक देवाचं देऊळ होतं. साथ आली म्हणून ग्रीसमधून त्याचा पवित्र साप आणला, तो या बेटावर उतरला अशी कथा. दगडात कोरलेला काठीवरचा साप अजून तिथे आहे, आणि सोळाव्या शतकापासून त्याच बेटावर रुग्णालय चालू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या चिन्हावर आहे तो हाच काठीवरचा साप.

आपल्याकडची परंपराही एकसुरी नाही. अथर्ववेदात विषावरचे मंत्र आहेत. महाभारतात जनमेजयाचं सर्पसत्र आस्तिक ऋषी थांबवतो, आणि त्याचं नाव घेणाऱ्याला सापाचं भय नाही असं वचन मिळतं. बौद्ध परंपरेत भिक्षूला साप चावून मरण आलं तेव्हा बुद्धांनी सापांच्या कुळांबद्दल मैत्री बाळगायला सांगितलं. पवनीच्या स्तूपावर बुद्धांवर फणा धरणारा मुचलिंद नाग कोरलेला आहे, नागपूरपासून फार दूर नाही. आणि 15 ऑक्टोबर 1956 च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षेसाठी नागपूर का निवडलं हे सांगताना बौद्ध धर्म पसरवणाऱ्या नाग लोकांची आठवण काढली, इथल्या नाग नदीचा उल्लेख केला. या शहरात नाग एकट्या काकांचाही नाही आणि टाकून द्यावा असाही नाही.

मला राग येतो तो मांत्रिकाकडे घालवलेल्या तासांचा. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे 2000 ते 2019 या काळात भारतात दरवर्षी सरासरी 58,000 माणसं सर्पदंशानं गेली, त्यातली निम्मी जून ते सप्टेंबरमध्ये. म्हणजे धानाच्या बांधीत चिखलणी-रोवणी चालू असते तेव्हा. मण्यार तर रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावतो. सूज नाही, फारशी आग नाही. घरचे म्हणतात काही झालं नाही, भगत म्हणतो उतरलं, आणि पहाटे पापण्या मिटायला लागतात, श्वास थांबतो. धामण किंवा दिवड चावलेला, किंवा विषारी सापानं विष न सोडता चावा घेतलेला माणूस आपोआप बरा होतो, आणि त्याचं श्रेय भगत घेतो. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात हे स्पष्ट आहे: साप चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं गुन्हा आहे. पूजा करणं गुन्हा नाही. काकांनी हे कलम एकदा वाचावं, भावानंही.

भगताकडे लोक जातात याचं एक कारण श्रद्धा, दुसरं अंतर. भगत त्याच गल्लीत असतो, रात्री दोनला दार उघडतो. केंद्र सरकारनं 2024 मध्ये सर्पदंशाचे मृत्यू 2030 पर्यंत निम्मे करण्याचा आराखडा काढला. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर चालणारं इंजेक्शन आपल्याकडे बनतं, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. ते गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री हजर आहे का, द्यायला येणारा डॉक्टर आहे का, श्वास थांबला तर पुढे न्यायला 108 ची गाडी किती वेळात येते, हे प्रश्न श्रावणाआधी जिल्हा परिषदेत विचारले पाहिजेत. भाऊ तिथे बोलू शकतो, त्याचं ऐकतात. काकांच्या ओळखीची मंडळं दरवर्षी पचमढीच्या नागद्वार यात्रेला जातात, भर पावसात, रानातून. त्या मंडळांना चावल्यावर काय करायचं हे काकांनीच सांगावं: अवयव हलवायचा नाही, चीर द्यायची नाही, दोरी आवळायची नाही, थेट दवाखाना. माझ्यापेक्षा त्यांचा शब्द तिथे जास्त चालेल.