हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला नाही

दरवर्षी ऑगस्ट उजाडला की एक मजकूर फिरू लागतो. त्याचा आशय असा: १८ ऑगस्ट १८६८ रोजी सर नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून खग्रास सूर्यग्रहण पाहताना हेलियम वायू शोधला, त्यांनी दुर्बिणी ठेवल्या ते ‘साहेबाचे ओटे’ आजही किल्ल्यात आहेत, म्हणून विजयदुर्ग हे हेलियमचं जन्मस्थान. वर्तमानपत्रांतही हे छापून येतं आणि पोरं ते पाठ करतात. विजयदुर्गाचं नाव विज्ञानाच्या इतिहासात आहेच, आणि नीट पुराव्यानिशी आहे. पण ते या कारणासाठी नाही, या तारखेला तर नाहीच.

पहिली गोष्ट लॉकियर यांची. १८६८ साली ते ‘सर’ नव्हते, लंडनमध्ये युद्धखात्यात कारकुनी करत होते आणि फावल्या वेळात सूर्याचा अभ्यास करत होते. त्या ऑगस्टमध्ये ते इंग्लंडमध्येच होते. त्यांनी मागवलेला नवा वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाश त्याच्या रंगांत फोडून दाखवणारं यंत्र, ऑक्टोबरच्या मध्यावर कुठे हाती आला, आणि २० ऑक्टोबरला त्यांनी तो सूर्याच्या कडेवर रोखला.

दुसरं म्हणणं, ग्रहण होतं म्हणूनच शोध लागला. लॉकियर यांच्या कामाचं मर्म याच्या अगदी उलट आहे. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वाला तोवर फक्त ग्रहणातच दिसत, कारण एरवी आकाशाचा उजेड त्यांना गिळून टाकतो. वर्णपटदर्शकात हा उजेड सगळ्या रंगांत पसरून फिका पडतो. ज्वालेचा प्रकाश मात्र मोजक्या रेषांत एकवटलेला असल्यामुळे त्या रेषा तशाच ठसठशीत राहतात. त्यामुळे ग्रहणाशिवाय, भर दिवसा ज्वाला तपासता आल्या. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या जागीच पडतात, त्यावरून ते ओळखता येतं. त्या दिवशी लॉकियर यांना तीन तेजस्वी रेषा दिसल्या. दोन हायड्रोजनच्या होत्या. तिसरी, पिवळी, सोडियमच्या जोडरेषेच्या शेजारी होती, पण तिच्यावर नव्हती.

सगळं घोडं अडलं होतं ते इथे. सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीवर, ही नवी ५८७.६ वर. ग्रहणाच्या पाच-सहा मिनिटांत घाईघाईने पाहणाऱ्याला ती सोडियमचीच वाटणार, आणि तसंच झालं. लॉकियर यांच्या हाताशी वेळ होता. सूर्याच्या नेहमीच्या वर्णपटात सोडियमच्या जागी दोन काळ्या रेषा असतात. ही पिवळी रेषा त्यांच्याशी जुळेना, आणि ती जिथे पडत होती तिथे काळी रेषाच नव्हती. ज्ञात मूलद्रव्यांपैकी कुणाचीच ती ठरेना. रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्यासोबत प्रयोगशाळेत पडताळणी करूनही कोडं सुटलं नाही. १८७१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसन यांनी एडिंबरोच्या व्याख्यानात या दोघांनी सुचवलेलं ‘हेलियम’ हे नाव जाहीरपणे उच्चारलं.

काही मजकुरांत लॉकियर यांच्या जोडीला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पियर जानसेन यांनाही विजयदुर्गावर आणून बसवतात. जानसेन त्या ग्रहणाला भारतात होते, पण गुंटूरला. ब्रिटिशांची पथकं जमखंडी, विजापूर, गुंटूर अशी पसरली होती आणि मद्रास वेधशाळेचे पॉगसन मछलीपट्टणमला होते. ऑगस्टमध्ये कोकणात पावसाळा ऐन भरात असतो. दूरदेशीचा शास्त्रज्ञ यंत्रं घेऊन तिथे कशाला बसेल? ग्रहणात दिसलेल्या रेषा इतक्या तेजस्वी होत्या की जानसेन यांनी लगेच दुसऱ्या दिवशी ग्रहणाशिवाय त्या पुन्हा पाहिल्या, म्हणजे लॉकियर यांच्याही आधी. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत २६ ऑक्टोबरच्या एकाच बैठकीत पोचली. पुढे फ्रान्सने दोघांची छबी असलेलं पदक काढलं. ते हेलियमसाठी, असं सांगतात तेही चूक आहे. पदक ग्रहणाविना ज्वाला पाहण्याच्या पद्धतीसाठी होतं.

आणि ‘वायू शोधला’ म्हणावं, तर वायू कुणाच्याच हाती लागला नव्हता. होती ती एक रेषा. बरेच रसायनशास्त्रज्ञ सत्तावीस वर्षं मान हलवत राहिले. मार्च १८९५ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅमसे यांनी क्लेव्हाइट हे युरेनियमयुक्त खनिज आम्लात उकळलं. ते शोधत होते आरगॉन. निघालेल्या वायूत पिवळी रेषा चमकली आणि विल्यम क्रुक्स यांनी मोजून सांगितलं की ही सूर्यातलीच. असाच वायू अमेरिकेत हिलब्रँड यांनाही आधी मिळाला होता, त्यांनी तो नायट्रोजन समजून सोडून दिला! स्वीडनमध्ये उप्साला इथे क्लेव्ह आणि लांग्ले यांनी त्याच वर्षी स्वतंत्रपणे हेलियम मिळवून त्याचा अणुभार काढला. मूलद्रव्य म्हणून हेलियमची खात्री पटली ती तेव्हा. श्रेय एकाच माणसाला आणि एकाच तारखेला द्यायचा हट्ट धरला की ही सगळी माणसं गळून पडतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग ओटे? लॉकियर विजयदुर्गला आले होते, हे अगदी खरं. आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, तेव्हा ते ‘सर’ झालेले होते. ‘मेलपोमीन’ या युद्धनौकेवरचे अधिकारी आणि खलाशी मदतीला होते. लोलक बसवलेल्या कॅमेऱ्यांनी त्यांनी सूर्याच्या कडेचे वर्णपट टिपले. म्हणजे साहेब किल्ल्यात आले तेव्हा हेलियम पृथ्वीवर सापडून तीन वर्षं होत आली होती.

या ग्रहणाचीच आपल्याकडची आणखी एक गोष्ट मात्र कुणीच पुढे पाठवत नाही. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकवणारे आणि तिथल्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे प्रमुख कावसजी नायगमवाला यांनी त्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला स्वतःची मोहीम नेली, ग्रहणाचे वर्णपट घेतले आणि त्यावर सविस्तर अहवाल छापला. जानेवारीतलं कोरडं, निरभ्र आकाश त्यांना लाभलं. विजयदुर्गच्या फलकावर १८९८ लिहिताना जेऊर आणि नायगमवाला ही नावंही तिथे यायला हवीत.