रिव्हर्स स्प्लिटने भाव वाढतो, परतावा नाही

शेअर निवडण्याच्या खेळांबद्दल (निवडलेल्या शेअरचा भाव जसा बदलेल तसे गुण) सध्या एक मजकूर खूप फिरतोय. त्याचं म्हणणं असं की निवडलेल्या कंपनीने रिव्हर्स स्प्लिट केला, म्हणजे अनेक शेअर एकत्र करून एक केला, आणि भाव दहापट झाला, तर ती वाढ खेळाडूच्या गुणांत धरलीच पाहिजे. संयोजक मागे जाऊन सुरुवातीचा भाव बदलतात ही लबाडी आहे, असंही त्यात म्हटलंय. हे म्हणणं चूक तर आहेच, शिवाय अभ्यास करून शेअर निवडणाऱ्यांवर अन्याय करणारं आहे.

‘भाव खरोखर वाढला, बाजारात दिसतोय,’ हा त्यातला मुख्य मुद्दा. सिटीग्रुप या अमेरिकी बँकेने मे 2011 मध्ये दहा शेअरचा एक शेअर केला. शुक्रवारी बंद भाव होता 4.52 डॉलर, सोमवारी 44.16. मजकुराच्या हिशेबाने 877 टक्के नफा. आता ज्याच्याकडे शंभर शेअर होते त्याचं काय झालं ते बघा. सोमवारी त्याच्याकडे दहाच उरले. शुक्रवारी शंभर शेअरची किंमत 452 डॉलर होती, सोमवारी त्या दहांची 441 डॉलर 60 सेंट. म्हणजे 2.3 टक्के तोटा. तोट्याच्या दिवशी त्याला पहिला नंबर कशासाठी द्यायचा?

दुसरा मुद्दा, ‘एकदा नोंदलेला भाव बदलता येत नाही.’ बरं, मग साध्या स्प्लिटलाही हाच नियम लावा. चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने जून 2024 मध्ये एका शेअरचे दहा केले आणि भाव 1,208 डॉलरवरून 121 च्या आसपास आला. तो शेअर निवडणाऱ्याला उणे 90 टक्के द्यायचे का? हा मजकूर पुढे पाठवणारा एकही जण हो म्हणणार नाही. नोंदलेला भाव तसाच ठेवायचा असेल तर शेअरची संख्या बदला, उत्तर तेच येतं.

मजकुरात ज्याचा उल्लेखही नाही तो खेळाडू म्हणजे शेअर पडेल असं सांगणारा. नॅस्डॅक या अमेरिकी शेअर बाजारात भाव सलग 30 कामकाजाचे दिवस एक डॉलरखाली राहिला की कंपनीला नोटीस जाते, आणि यादीत टिकण्यासाठी अनेक कंपन्या रिव्हर्स स्प्लिटचा आधार घेतात. म्हणजे ज्याने घसरण अचूक ओळखली, नेमका त्याच्याच शेअरवर हा प्रसंग येण्याची शक्यता जास्त. समायोजन, म्हणजे स्प्लिटच्या गुणोत्तराप्रमाणे सुरुवातीचा भाव बदलणं, केलं नाही तर त्याचा बरोबर आलेला अंदाज भयंकर चुकलेला दिसेल.

‘मग असे शेअर खेळातून बादच करा,’ हेही नको. तसं केलं तर ज्याची निवड रसातळाला गेली त्याचा तोटा पुसला जातो.

स्प्लिटनंतर उरणारा अर्धा-पाव शेअर हरवतो, ही अपूर्णांकाची तक्रार मात्र रास्त आहे. जीईने (जनरल इलेक्ट्रिक) 2021 मध्ये आठाचा एक केला, तेव्हा शंभर शेअरचे साडेबारा झाले. खेळाने ते अर्धं गिळू नये. दशांशात ठेवावं किंवा रोख जमा करावी.

आणि खरी गडबड होते ती वेगळ्याच ठिकाणी, तिच्याबद्दल हा मजकूर गप्प आहे. समजा तुम्ही 50 सेंटला शेअर निवडला आणि दहाचा एक झाला. सुरुवातीचा भाव 5 डॉलर व्हायला हवा. पण भाव पुरवणाऱ्याने जुने आकडे आधीच समायोजित केलेले असतात, आणि खेळाची यंत्रणा त्यांना पुन्हा दहाने गुणते. झाले 50 डॉलर. आजचा भाव 4 असेल तर खरा तोटा 20 टक्के, पडद्यावर दिसतो 92. समायोजन एक दिवस उशिरा झालं तर याच्या उलट, खोटा नफा झळकतो. म्हणून समायोजन पूर्ण होईपर्यंत त्या शेअरचे गुण गोठवावेत, आणि प्रत्येक खेळाडूला जुना भाव, गुणोत्तर, नवा भाव आणि लागू झाल्याची तारीख या चारही गोष्टी त्याच्या खात्यात दिसाव्यात. भांडायचं असेल तर यासाठी भांडा.