छावणीत दोन रात्री

सप्टेंबर 2019 मध्ये महाराष्ट्रातले 25 किल्ले हेरिटेज हॉटेलांसाठी द्यायची बातमी आली, तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सर्वांत मोठा आरडाओरडा मी केला, तोही अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या ओमाहात बसून. महाराजांशी संबंधित किल्ल्यांना हात लावणार नाही, असा सरकारचा खुलासा आला तरी माझा पारा उतरेना. आणि गेल्या उन्हाळ्यात सात तास गाडी हाकून, पैसे मोजून मीच एका किल्ल्यात झोपून आलो!

नेब्रास्काच्या वायव्य कोपऱ्यातला फोर्ट रॉबिन्सन. किल्ला आपला म्हणायला. ना तट, ना बुरूज. लाकोटा या तिथल्या मूळनिवासी जमातीवर नजर ठेवायला 1874 मध्ये वसवलेली ही लष्करी छावणी. 1948 मध्ये लष्कराने ती सोडली, पुढे काही वर्षं तिथे गोमांस संशोधन चाललं, आता 22,000 एकरांचं राज्य उद्यान आहे. अधिकाऱ्यांची जुनी घरं भाड्याने मिळतात. पोरं घोड्यावर बसतात, बायसन बघतात.

आणि तिथून चालत जावं तर ओंडक्यांची पहाऱ्याची चौकी. मूळ जागेवर पुन्हा उभारलेली. 5 सप्टेंबर 1877 रोजी कोठडीत जायला नकार देणाऱ्या क्रेझी हॉर्स या लाकोटा नेत्याला इथेच संगीन भोसकली. पलीकडे बराकीची जागा. सरकारने नेमून दिलेल्या दक्षिणेकडच्या राखीव प्रदेशात परत जायला तयार नव्हते म्हणून शायेन या दुसऱ्या मूळनिवासी जमातीचे लोक सैन्याने इथे बायकापोरांसकट कोंडले, अन्न आणि सरपण तोडलं, मग पाणीही. 9 जानेवारी 1879 च्या रात्री ते खिडक्यांतून बर्फात पळाले. साठाहून अधिक मारले गेले. सैन्याने केलेलं हे उद्यानात लपवलेलं नाही. तरी हुरळून जाऊ नये. शायेनांची तरुण मंडळी दर जानेवारीत इथून मोंटानापर्यंत सुमारे 400 मैल धावत जातात, त्याच थंडीत. मला मात्र तिथे गाढ झोप लागली, कारण माझं तिथे कुणी मेलं नव्हतं.

म्हणून 2019 चा माझा राग सगळाच खोटा नव्हता. पण त्या 25 पैकी तीन किल्ल्यांची नावं मला तेव्हा सांगता आली नसती. ढासळणाऱ्या अशा गडावर छप्पर आणि राखणदार आला तर माझी हरकत नाही. अट एकच: खोल्यांच्या दरपत्रकाआधी तिथे काय घडलं ते लिहिलेलं दिसावं.

बाबांना फोटो पाठवले. त्यांचं उत्तर आलं, "पन्हाळ्याला आपण हॉटेलातच उतरलो होतो. विसरलास?"