सरड्याची धाव पेल्मेटपर्यंत

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण ज्यानं केली, त्यानं सरडा बराच वेळ निरखलेला असणार. आपण ती टोमणा म्हणून वापरतो, पण घरात शॅमेलिऑन, म्हणजे रंग पालटणारा सरडा, मोकळा ठेवणाऱ्यासाठी ते पाळण्याचं पहिलं सूत्र आहे. ऊन, सावली, पाणी आणि उंची या चार गोष्टी एकाच झाडावर मिळाल्या की हा प्राणी झाड सोडत नाही. सोडलं, तर चारातलं काहीतरी कमी पडलेलं असतं. मग तो खाली उतरतो, झुलत झुलत खोली ओलांडतो आणि खोलीतली सगळ्यात उंच जागा गाठतो. इंदूरच्या जुन्या मराठी घरांत ती जागा म्हणजे पडद्याचं पेल्मेट, दांडी झाकणारी लाकडी पट्टी. मग स्टूल आणा.

आधी कोणता सरडा ते सांगतो. शेताच्या बांधावर बाभळीत दिसणारा आपला घोयरा नव्हे. त्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्याला उचलून घरी आणणं हा गुन्हा आहे आणि तो तिथेच शोभतो. घरात पाळतात तो येमेनी. डोक्यावर पेशव्यांच्या पगडीसारखा उंच तुरा असलेला, मूळचा येमेन आणि सौदी अरबस्तानच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातला. त्याचंही नाव साइटीस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणून २०२४ च्या नियमांप्रमाणे पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. जन्म, मृत्यू, मालक बदलणं, सगळं कळवायचं. आमच्या घरात एवढी चोख कागदपत्रं असलेला दुसरा सदस्य नाही.

नर की मादी हे विकणाऱ्याला विचारू नका, तो ‘नरच है भिया’ म्हणतो. मागच्या पायाची टाच बघा. नराला जन्मापासून तिथे छोटा गुठळीसारखा उंचवटा असतो, मादीला नसतो. हे बघणं जरुरीचं, कारण मादी नराचं तोंडही न पाहता अंडी घालते आणि तीही डझनांनी. तिला उकरायला ओल्या वाळूची बादली हवी, वाळू फूटभर खोल आणि बोगदा ढासळणार नाही इतपत ओलसर. बादली नसेल तर ती अंडी पोटातच धरून ठेवते आणि त्यात दगावते. आणि उकरताना तिच्याकडे बघायचं नाही. कुणी बघतंय असं वाटलं की ती काम अर्धवट टाकते. म्हणजे बादलीला पडदा लावायचा आणि घरातल्या सगळ्यांनी दोन दिवस त्या कोपऱ्याकडे पाठ करून वावरायचं.

आता खोली. स्वयंपाकघर बाद, कारण सरपटणाऱ्यांच्या विष्ठेत साल्मोनेलाचे जंतू असू शकतात आणि मिरचीच्या फोडणीचा खाट त्यांच्या फुप्फुसांना सोसत नाही. देवघराची खोली बाद, धूप-उदबत्तीमुळे. राहिला हॉल. हॉलमध्ये छताचा पंखा असतो आणि सगळी गोची तिथे सुरू होते. शॅमेलिऑनला उंची हवी आणि पंखा उंचीवरच फिरतो. दोघांपैकी एकच ठेवता येतो. इंदूरच्या मे महिन्यात, पारा ४२ ला टेकलेला असताना, हॉलचा पंखा कायमचा बंद करून त्याचं बटण चिकटपट्टीनं झाकणं याला प्राणीप्रेम म्हणतात. जाळीबंद टेबल फॅन चालतो, पण झोत झाडावर नको. कूलर चालतो, उलट बराच उपयोगी पडतो, कारण हवा दमट ठेवतो. तरी खोली ३५ च्या वर गेली की सरडा फिकट पडतो आणि तोंड उघडं टाकून बसतो. ते हसणं नव्हे. उन्हाचा दिवा लगेच बंद करायचा.

एका बाबतीत मात्र इंदूरकर भाग्यवान. या प्राण्याला रात्रीचा गारवा लागतो, दिवसापेक्षा सात-आठ अंश तरी खाली. जुनी मंडळी ‘शब-ए-मालवा’ म्हणून माळव्याच्या रात्रीचं कौतुक करतात, ते याला तंतोतंत लागू पडतं. वर्षाचे बरेचसे महिने खिडकीला बारीक जाळी ठोकली की काम भागतं.

खिडकीतल्या उन्हावर मात्र विसंबू नये. काचेतून उजेड येतो, ऊब येते, पण ज्या किरणांनी कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं ते अतिनील किरण, यूव्हीबी, काच अडवते. ते नसेल तर कॅल्शियम अंगी लागत नाही, पाय धनुष्यासारखे वाकतात, जबडा रबरासारखा मऊ पडतो. म्हणून सरपटणाऱ्यांसाठीचीच टी-५ नळी घ्यायची, ५ ते ६ टक्के यूव्हीबीची, आणि ती सरड्याच्या पाठीपासून २० ते २५ सेंटीमीटर वर टांगायची. मध्ये काच नको, प्लास्टिक नको. जेल रोडला जाऊन नुसतं ‘यूव्ही ट्यूब दो’ म्हटलं तर समोरचा माणूस अतिशय आत्मविश्वासानं दोन गोष्टी काढतो. एक, मिठाईच्या दुकानातल्या माश्या मारायच्या यंत्राची निळी नळी. ती दुसऱ्या जातीचे अतिनील किरण, यूव्हीए, देते, हाडांना तिचा काही उपयोग नाही. दुसरी, पाणी शुद्ध करायच्या यंत्रातली. ती २५४ नॅनोमीटरची, जंतू मारणारी, उघडी लावली तर सरड्याचे आणि तुमचे दोघांचेही डोळे भाजतील. यूव्हीबीची खरी नळी वर्षभरानं बदलायची, जरी ती लख्ख पेटत असली तरी. उजेड टिकतो, यूव्हीबी संपतं. चालू नळी काढून नवी लावताना घरातली वडीलधारी ज्या नजरेनं बघतात, ती नजर दरवर्षी सोसावी लागते.

ऊब वेगळी. त्यासाठी साधा ६० वॉटचा तारेचा बल्ब. एलईडी नव्हे, तो तापत नाही. बल्बखालची फांदी ३० अंशांच्या आसपास हवी, मादीसाठी थोडी कमी. मोजताना थर्मामीटर भिंतीवर नाही, सरड्याची पाठ जिथे येते तिथे बांधायचा. सरड्याला पाठ भाजल्याचं वेळेवर कळत नाही. तो बल्बला चिकटून सुखानं बसतो आणि दुसऱ्या दिवशी तुरा काळा पडलेला दिसतो. म्हणून बल्बला जाळीची टोपी आणि फांदीपासून किमान वीतभर अंतर. सगळं टांगायला छतात झोपाळ्याच्या कड्या असल्या तर उत्तम. आमच्याकडे त्या होत्या. झोपाळा सध्या गच्चीवर आहे आणि त्याविषयी घरात बोललं जात नाही.

झाडाचं गणित असं. पाच-सहा फुटी फायकस, १४ इंची कुंडीत, कुंडी दीड फुटी चौरंगावर. शेंडा माणसाच्या डोळ्यांपेक्षा वर गेला पाहिजे, कारण वरून बघणारा तो शिकारी असं सरड्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. शेजारी जास्वंदाची कुंडी, दोन्हींवरून मनीप्लांट सोडलेला, मधून करंगळीपासून मनगटापर्यंत वेगवेगळ्या जाडीच्या वाळक्या फांद्या आडव्या बांधलेल्या. कण्हेर आणि डिफेनबाखिया विषारी, ती घराबाहेर. पाला भिंतीपासून, पडद्यापासून चारही बाजूंनी दीड फूट लांब. हे दीड फूट म्हणजेच आपलं कुंपण. एक पान जरी पडद्याला टेकलं तरी तो पूल झाला. पावसाळ्यात मनीप्लांट आठवड्याला कितीतरी वाढतो, त्यामुळे रविवारी सकाळी एकानं पोहे आणायचे आणि एकानं कात्री घेऊन पूल तोडायचे. कुंडीतली माती मोठ्या गोट्यांनी झाका, सरड्याच्या डोक्यापेक्षा मोठ्या. लहान खडे तो खातो.

जास्वंद तो पाना-फुलांसकट खातो आणि ते त्याला मानवतं. घरातल्या गणपतीला मानवत नाही. सकाळी पूजेला बसणारा आणि झाडावरचा, दोघांचा डोळा एकाच फुलावर असतो. त्यात झाडावरच्याचे दोन डोळे स्वतंत्र फिरतात, एक फुलावर आणि एक आजोबांवर, त्यामुळे स्पर्धा बरोबरीची नाही. दुसरी कुंडी घेणं हाच उपाय. नर्सरीतून आणलेल्या झाडावर औषध फवारलेलं असतं, म्हणून पानं दोन्ही बाजूंनी धुऊन महिनाभर गॅलरीत ठेवून मगच आत.

पाण्याची वाटी ठेवलीत तर ती वर्षानुवर्षं भरलेलीच राहील. साचलेलं पाणी त्याला पाणी वाटत नाही, पानावर हललेला थेंब वाटतो. यावर सगळ्यात स्वस्त तोड औषधांच्या दुकानात मिळते. सलाइनची नळी, चाकवाली, नवी कोरी. बाटलीत सलाइन नव्हे, पिण्याचं पाणी. बहुतेक नळ्यांवर २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो, म्हणजे दोन सेकंदाला एक थेंब ठेवला तर तासाला ९० मिली. सकाळचा एक तास पुरतो. खाली पसरट थाळी हवी, नाहीतर पाणी फरशीवरून सोफ्याखाली जातं. विष्ठेतला पांढरा भाग पांढरा असेल तर पाणी पुरेसं मिळतंय, नारिंगी झाला तर थेंब वाढवा. एवढं झालं तरी पाहुणे दारात थबकतातच. हॉलमध्ये हुकाला बाटली, बाटलीतून ठिबकणारी नळी. ‘अहो, कुणाला लावलंय? फोन तरी करायचा!’ म्हणत काकू चपलाही न काढता आत येतात, नळीच्या टोकाशी कोण आहे ते बघतात आणि मग चपला घालायचा प्रश्नच उरत नाही, त्या पायातच असतात.

खाण्याबद्दल काकूंना न सांगितलेलं बरं. मोठ्या सरड्याला दिवसाआड चार-पाच रातकिडे लागतात. तेवढ्यासाठी दर वेळी कुठे धावणार, म्हणून पैदास घरीच. ५० लिटरचा प्लास्टिकचा डबा, आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे. ते आणायला शाकाहारी घरातला माणूस अंड्यांच्या दुकानात जातो आणि ‘नुसते ट्रे द्या’ म्हणतो, तेव्हा दुकानदार समजूतदारपणे हसतो. झाकणाला स्टीलची जाळी, नायलॉनची ते कुरतडतात. पाण्याऐवजी गाजराच्या चकत्या, कारण वाटीत ते बुडून मरतात आणि मग वास सुटतो. खायला घालण्याच्या आदल्या दिवशी त्यांना शेवग्याचा पाला, भोपळा भरपूर द्यायचा. रातकिडा उपाशी तर सरडाही उपाशी. देताना फॉस्फरस नसलेल्या कॅल्शियमच्या भुकटीत घोळवायचे, पोळीची लाटी पिठात घोळवतात तितक्या हलक्या हातानं.

मोकळ्या सरड्याच्या घरी रातकिडे मोकळे सोडायचे नसतात, हे पहिल्याच रात्री कळतं. निसटलेला नर रातकिडा फ्रिजमागे जातो, ऊब मिळाली की पंख घासून जोरात किरकिरतो आणि जितकं गरम तितकं भरभर. शिवाय झोपलेल्या सरड्यालाही ते चावतात. म्हणून खाणं डब्यात. गुळगुळीत आतल्या बाजूचा खोलगट डबा फांदीला बांधायचा, मागच्या बाजूला आतून जाळीची पट्टी लावायची, काठाच्या बोटभर खालपर्यंत. किडा पट्टीवर चढतो, हलतो, सरड्याला दिसतो. जीभ अंगाच्या दीडपट लांब जाते आणि तिच्यावरची लाळ माणसाच्या लाळेपेक्षा ४०० पट दाट असते, त्यामुळे चिकटलेला किडा सुटत नाही. किरकिरीवर मुकाट उपाय म्हणजे डुबिया झुरळं. ती गुळगुळीत डब्यातून चढूनही येत नाहीत. पण स्वच्छतेत अनेक वर्षं देशात पहिल्या आलेल्या गावात राहून पैसे देऊन झुरळं मागवायची, हे आमच्या घरात अजून मंजूर झालेलं नाही. उलट घरातली फुकटची झुरळं मारायचीही सोय गेलेली आहे. फवारा नाही, खडू नाही, डासांची कॉइल नाही, भिंतीत खोचायचं यंत्र नाही. मच्छरदाणी लावून झोपतो.

कपाटाचा आरसा झाका. आरशातला सरडा म्हणजे शत्रू. अंग पापडासारखं चपटं आणि रुंद करून, गडद पट्टे काढून तो तासन्‌तास फुरफुरतो आणि जेवण सोडतो. याच कारणानं दोन सरडे एका खोलीत नकोत. त्यातच कुणीतरी त्याला लाल उशीवर ठेवून बघायची फर्माईश करतं. उशीचा रंग तो घेत नाही. राग, गारठा, ऊब, भीती यांवर त्याचा रंग ठरतो. सकाळी तो काळपट असतो तो ऊन शोषायला. कातडीतले बारीक स्फटिक जवळ-दूर सरकून रंग पालटतात, हे जिनिव्हाच्या संशोधकांनी २०१५ साली याच्या भाऊबंदांवर दाखवलं. उशीवर ठेवलेला सरडा फक्त चिडल्याचा रंग दाखवतो, आणि पाहुणे म्हणतात, बघा, बदलला.

संध्याकाळी साडेसातला दिवे बंद, बारा तास पूर्ण काळोख. लाल दिवा नाही, टीव्ही नाही. बातम्या बेडरूममध्ये, हलक्या आवाजात.

आणि तरीही एखाद्या दिवशी झाड रिकामं असतं. तेव्हा कुणीही दार लोटायचं नाही, कारण दाराची वरची कड ही त्याची आवडती वाट. सोफा सरकवायचा नाही. खाली बघू नका, वर बघा. कपाटाचा माथा, पडद्याची दांडी, पेल्मेट, फ्रिजची मागची बाजू. दिवसा नाही सापडला तर रात्रीची वाट बघा आणि टॉर्च मारा. झोपलेला शॅमेलिऑन फिकट पडतो आणि काळोखात उजेड पडला की पांढुरका चमकतो. सापडल्यावर वरून हात घालायचा नाही, वरून येतो तो ससाणा. पहाट होऊ द्या आणि त्याच्या छातीसमोर एक फांदी धरा, किंचित चढती. तो ती बघेल, एका डोळ्यानं. दुसऱ्यानं तुम्हाला. पुढचा पाय उचलेल, चिमट्यासारखी बोटं उघडेल, वाऱ्यावरच्या पानासारखा दोनदा मागे-पुढे झुलेल आणि पाय परत जागेवर ठेवेल. हात खाली करू नका. स्टूल कुणालातरी धरायला सांगा.