दोन लिटर रॉकेल घाला, पीयूसी पास? त्या फॉरवर्डला उत्तर

ट्रकवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. मथळा ‘जुन्या गाडीची पीयूसी शंभर टक्के पास’. खाली नुस्खे: टाकीत रॉकेल नाहीतर थिनर घाला, गाडी सकाळी थंड असतानाच न्या, एअर फिल्टर काढून ठेवा, इंजिनला डिझेल पुरवणाऱ्या पंपाचा स्क्रू दोन आटे कमी करा, युरियाची टाकी (सायलेन्सरकडच्या धुरात फवारायच्या द्रावणाची) काठोकाठ भरा, आणि तरीही जमलं नाही तर फोटो पाठवून घरबसल्या दाखला घ्या. शेवटी धाक: 10 वर्षांची डिझेल गाडी नापास झाली की थेट भंगारात. यातलं काही अर्धं खरं आहे, म्हणूनच तो पुढे ढकलला जातो.

आधी यंत्र काय मोजतं ते पाहू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. गाडी न्यूट्रलला, सायलेन्सरच्या तोंडात नळी, आणि ड्रायव्हर झटक्यात पूर्ण रेस देतो. फेरे कमाल मर्यादेला टेकले की पाय सोडायचा, मग पुन्हा तसंच. धुरातून प्रकाश सोडून तो किती अडला हे यंत्र सांगतं. बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुराचं सरकारी मानक. बीएस-4 च्या आधीच्या गाडीला मर्यादा दर मीटरला 2.45, म्हणजे धुराच्या दाटपणाच्या टक्क्यांत 65 हार्ट्रिज. 430 मिलिमीटर धुरातून जाताना 65 टक्के प्रकाश अडला तरी गाडी पास. बीएस-4 ला 1.62, बीएस-6 ला 0.7. जुन्या गाडीचं माप चांगलंच ढिलं आहे. त्यातही जी बसत नाही तिचं काहीतरी बिघडलेलं असतं, आणि तो काळा धूर म्हणजे मालकाने पैसे मोजून घेतलेलं, नीट न जळलेलं डिझेल असतं.

आता रॉकेल. धूर थोडा कमी होतो, हे खरं. रॉकेल डिझेलपेक्षा हलकं, पंप मात्र मापाने तेवढंच ढकलतो, त्यामुळे वजनाने इंधन कमी जातं. पण पंपातले प्लंजर-बॅरल (डिझेल दाबणारा दट्ट्या आणि त्याची नळी) आणि सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलची सुई यांना वंगण मिळतं ते डिझेलचंच. रॉकेलला तो चिकटपणा नाही. भाग झिजतात, गरम गाडी स्टार्ट व्हायला कुरकुरते, नोझल गळायला लागतं आणि धूर पहिल्यापेक्षा वाढतो. थिनर किंवा पेट्रोल त्याहून वाईट. डिझेल दाबाच्या उष्णतेने पेट घेतं. ही द्रवं तशी लवकर पेटत नाहीत, उशिरा पेटतात आणि मग एकदम. इंजिन ठोकायला लागतं. शिवाय टाकीत ठिणगीला निमित्त पुरेल अशी वाफ साठते, ती वेगळीच. आणि भेसळ हा गुन्हा आहे. मनमाडजवळ जानेवारी 2011 मध्ये अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळवाल्यांनी जिवंत जाळलं. रॉकेलच्या ‘दोन लिटर’मागे कसला बाजार उभा होता, हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको.

‘थंड गाडी न्या’ हे मात्र सरळ उलटं आहे. तपासणीला इंजिन ऑइल किमान 60 अंश तापलेलं लागतं. थंड इंजिनात डिझेल नीट पेटत नाही, पांढरा धूर येतो, आणि यंत्राला धुराचा रंग कळत नाही. प्रकाश अडला की आकडा वाढला. गाडी भरून वीसेक किलोमीटर पळवून तशीच केंद्रावर न्यावी. सायलेन्सरमध्ये साचलेली काजळी रस्त्यावरच उडून जाते. रांगेत तासभर आयडलला घुरघुरत ठेवली तर ती पुन्हा साचते, म्हणून नंबर येण्याआधी दोन-चार वेळा रेस करून घ्यावी. यात लबाडी काही नाही.

एअर फिल्टर काढल्यावर धूर कमी झाला, तर त्याचा अर्थ एवढाच की फिल्टर तुंबलाय. नवा घाला. कागदी फिल्टरच्या आत बल्ब धरून अंधारात बघा; बाहेर उजेड दिसत नसेल तर हवेने झटकून उपयोग नाही. फिल्टरशिवाय खडी क्रशरच्या वाटेवर गाडी चालवलीत तर ती धूळ सिलिंडरचे लायनर आणि पिस्टनच्या रिंगा खाते, इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोची पातीही खाते. तिथेच टर्बोपासून पुढे जाणारे रबरी होज आणि क्लिपाही बघून घ्या. होज फाटला की हवा बाहेर, डिझेल मात्र पूर्ण, आणि धूर काळाकुट्ट.

पंप कमी करण्याचा नुस्खा सगळ्यांत लोकप्रिय, कारण त्याने आकडा खरंच उतरतो. पण दोन आटे फिरवून गाडी पास करून आणली आणि 16 टन भरून खंबाटकी घाटाला लावली, की ड्रायव्हर पुढच्याच गॅरेजला तो स्क्रू पुन्हा उलटा फिरवून घेतो. गाडी ओढत नसेल तर तो दुसरं काय करणार? पुष्कळदा मूळ गोष्ट उलटीच असते. ओढ वाढावी म्हणून पूर्वी कुणीतरी सील तोडून पंप ‘वाढवलेला’ असतो. अशा वेळी पंप उतरवून टेस्ट बेंचवर कंपनीच्या मापाला कॅलिब्रेट करणं हेच बरोबर. अंदाजाने फिरवलेल्या स्क्रूला कॅलिब्रेशन म्हणत नाहीत, मिस्त्री कितीही जुना असो.

आणि दोष नोझलचा असेल तर पंप कमी करूनही धूर राहतोच. नोझल टेस्टरवर (दाब देऊन फवारा दाखवणाऱ्या हातपंपावर) लावून दांडा दाबा. चांगलं नोझल ठरलेल्या दाबाला ‘कर्रर्र’ आवाज करून उघडतं आणि प्रत्येक भोकातून धुक्यासारखा फवारा एकसारखा पडतो. बिघडलेलं बघा: एका भोकातून फवारा, दुसऱ्यातून पिचकारी, तिसरं बंद, आणि दाबाचा काटा अजून खाली असतानाच टोकावर डिझेलचा थेंब लोंबतोय. तो थेंब सिलिंडरमध्ये पडला की त्याचीच काजळी होते. सेट एकत्र तपासून घ्या, दाब सारखे करून घ्या, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) बघून घ्या. माझ्या मते पहिला पैसा फिल्टरवर, दुसरा नोझलवर आणि मग पंपावर. निळा धूर असेल तर रिंगा, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बोतून ऑइल जळतंय. तिथे नोझलवर खर्च करणं फुकट.

युरियाचं थोडक्यात. तो नायट्रोजनच्या ऑक्साइडवर काम करतो, काजळीवर नाही. ज्या गाडीला युरियाची टाकी आहे तिच्यात ती भरलेली हवीच, पण त्याने धुराचा आकडा हलत नाही. आणि डिझेलच्या टाकीत युरिया ओतणारे महाभाग असतात, त्यांनी पंपाचे पैसे बाजूला काढून ठेवावेत.

फोटोवरची पीयूसी म्हणजे खोटा दाखला, एवढंच. रस्त्यावर काळा धूर सोडणारी गाडी अधिकाऱ्याला दिसते आणि तो पुन्हा तपासायला लावू शकतो. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 190(2) खाली 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, वर लायसन्स तीन महिने अपात्र.

राहिला भंगाराचा धाक. 10 वर्षांची अट दिल्ली आणि राजधानी परिसराची. राष्ट्रीय हरित लवादाच्या (पर्यावरणाच्या खटल्यांच्या न्यायाधिकरणाच्या) 2015 च्या आदेशातून ती आली, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली, आणि तिच्या अंमलबजावणीवरून पुढेही न्यायालयात वाद चालू राहिले. आपल्याकडे 8 वर्षांपुढच्या ट्रकला दरवर्षी पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) करावं लागतं आणि पीयूसी चालू लागते. पीयूसीत नापास झालात तर 2021 पासून कारण लिहिलेली नकाराची पावती मिळते. ती घेऊन गॅरेजला जायचं, काम करून परत यायचं. दिल्लीकडचं भाडं घेणार असाल, तर निघण्याआधी तिथला त्या दिवशीचा नियम तेवढा विचारून घ्या.