सगळे आले की येतोच

२०२१च्या जानेवारीत व्हॉट्सॲपने खासगी माहितीबद्दल नव्या अटी पुढे केल्या आणि मुलुंडच्या आमच्या सोसायटीत असा काही संताप उसळला, की मेंटेनन्स वाढला तेव्हाही तसा उसळला नव्हता. इलॉन मस्कने दोन शब्दांच्या ट्विटमध्ये जगाला सिग्नल हे दुसरं मेसेजिंग ॲप वापरायला सांगितलं. आमच्याकडे तेच काम तळमजल्यावरच्या परांजपेकाकांनी चाळीस ओळींत केलं. व्हॉट्सॲपवर.

मी त्याच रात्री सिग्नलवर सोसायटीचा ग्रुप काढला. बत्तीस फ्लॅट. आठवडाभरात आलो तिघं: मी, काका आणि दुसऱ्या मजल्यावरचा एक भाडेकरू, जो लगेचच पुण्याला राहायला गेला.

बाकी सगळ्यांचं उत्तर एकच. "सगळे आले की आम्ही येतोच." सगळे म्हणजे स्वतःला सोडून उरलेले. हे वाक्य पुनर्विकासाच्या मीटिंगमध्ये मी बारा वर्षं ऐकतोय. पण तिथे २०१९पासून ५१ टक्के सभासदांच्या होकारावर गाडी पुढे सरकते. ॲपला ५१ टक्के पुरत नाहीत. एकतीस फ्लॅट आले आणि एकटे सेक्रेटरी जुन्या ग्रुपवर राहिले, तर एकतीस जणांना दोन्हीकडे संसार थाटावा लागतो. शिवाय बिल्डर मधल्या काळाचं भाडं तरी देतो. इथे सामान आपणच हलवायचं, आणि सामान म्हणजे काय काय! मावशीने बोलून पाठवलेली मोदकाच्या उकडीची रीत, भाच्याचं बारसं, हरवलेल्या पावत्यांचे फोटो.

"आणि तो वायरमन?" बायकोने विचारलं. "तो येणारे का तुमच्या सिग्नलवर?"

मी बाणेदारपणे व्हॉट्सॲप काढून टाकलं. चौथ्या दिवशी सकाळी अंगभर साबण लावला आणि नळाने एक उसासा टाकून मान टाकली. टॉवेल गुंडाळून सेक्रेटरींना फोन केला.

"टाकी धुताहेत. काल ग्रुपवर टाकलं होतं की!"

दाराबाहेरून बायकोचा आवाज आला, "दोन बादल्या भरून ठेवल्यात. मी आहे ग्रुपवर."

दुपारी व्हॉट्सॲप परत घेतलं. कंपनीने अटी मान्य करायची ८ फेब्रुवारीची मुदत १५ मेपर्यंत पुढे ढकलली होती. आमचा संताप तोवर टिकलाच नाही.

तरी खोड जात नाही. कू या ट्विटरसारख्या देशी ॲपवर खातं काढलं होतं. २०२४मध्ये ते बंद झाल्याचं मला व्हॉट्सॲपवरून कळलं. २०२५च्या सप्टेंबरात झोहो या देशी कंपनीच्या अरट्टई या मेसेजिंग ॲपची हवा झाली, तेव्हाही मी पहिल्या गाडीने गेलो. अरट्टई म्हणजे तमिळमध्ये गप्पा. नाव झकास, पण गप्पांना दुसरा माणूस लागतो.

परवा फोनमध्ये जागा करायची म्हणून सिग्नल काढायला गेलो, तर आमच्या ओसाड ग्रुपवर परांजपेकाकांचा मेसेज. मार्च २०२३चा. "कोणी आहे का इथे?"

मला फार लाज वाटली. ताबडतोब लिहिलं, "आहे काका!" मग व्हॉट्सॲपवर जाऊन त्यांना कळवलं, की सिग्नलवर उत्तर दिलंय, बघा. त्यावर मिनिटभरात अंगठा आला.

सिग्नलवरचं उत्तर त्यांनी अजून उघडलेलं नाही.