शवपेटीतली घंटा आणि बॉक्सिंगची घंटा

इंग्रजी वाक्प्रचारांच्या 'खऱ्या गोष्टी' सांगणारा तो फॉरवर्ड पुन्हा फिरायला लागलाय. जुन्या काळी म्हणे इंग्लंडात माणसं चुकून जिवंतच पुरली जायची, म्हणून प्रेताच्या हाताला दोरी बांधून वर घंटा टांगत. घंटा वाजली की माणूस वाचला, म्हणून 'सेव्ह्ड बाय द बेल', म्हणजे ऐन वेळी सुटका. 'डेड रिंगर' (हुबेहूब दुसऱ्यासारखा दिसणारा) आणि 'ग्रेव्हयार्ड शिफ्ट' (रात्रपाळी) हेसुद्धा त्याच थडग्यातून उकरून काढलेले. खाली अंगठ्यांचा पाऊस.

तशा घंटावाल्या शवपेट्यांची पेटंटं एकोणिसाव्या शतकात निघाली होती, हे खरं. पण वाक्प्रचाराशी त्यांचा काडीचा संबंध नाही. ही घंटा बॉक्सिंगची. आणि मला विचाराल तर खरी हकिगत त्या भुताटकीपेक्षा कितीतरी रंगतदार आहे.

मुळात जुन्या बॉक्सिंगमध्ये घंटेचं कामच नव्हतं. हातमोजे नाहीत, ठरलेली मिनिटं नाहीत. एकजण आडवा झाला की राउंड संपला. लंडनच्या जॅक ब्रॉटननं 1743 मध्ये नियम लिहिले. मंचाच्या मधोमध खडूनं एक यार्डाचा चौकोन आखायचा, आणि पडलेल्या गड्याला त्याच्या साथीदारानं अर्ध्या मिनिटात चौकोनाच्या कडेला आणून उभं करायचं. नाही जमलं, तर हरला. 1838 च्या नियमांनी हे आणखी कडक केलं: तीस सेकंदांनी पुकारा झाला की आठ सेकंदांत गड्यानं स्वतःच्या पायांनी रेघेपर्यंत चालत यायचं, कुणी धरायचं नाही. ही रेघ म्हणजे 'स्क्रॅच'. साहेब तुमचं काम 'अप टू स्क्रॅच' नाही, म्हणजे हवं तितकं चांगलं नाही म्हणतात, तेव्हा तुम्ही रक्तबंबाळ होऊन त्या रेघेपर्यंत पोचला नाहीत, असं समजायचं! (कमरेखाली धरायला बंदी ब्रॉटननंच घातली. 'बिलो द बेल्ट', म्हणजे नियम सोडून केलेला वार, त्याच कुळातलं.)

1889 च्या जुलैत अमेरिकेतल्या मिसिसिपीत जॉन सुलिव्हन आणि जेक किलरेन हे बॉक्सर उघड्या मुठींनी लढले. भर उन्हात, दोन तासांहून जास्त, 75 राउंड. शेवटी किलरेनच्या बाजूनं माइक डॉनोव्हननं स्पंज फेकला. रक्त-घाम पुसायचा स्पंजच टाकून दिला, म्हणजे हार मानली. आधी 'थ्रो इन द स्पंज' असंच म्हणत. आज हार मानण्याला 'थ्रो इन द टॉवेल' म्हणतात, त्यातला टॉवेल विसाव्या शतकातला.

तोवर बॉक्सिंगचे नवे क्वीन्सबेरी नियम आले होते, 1867 चे. हातमोजे, तीन मिनिटांचा राउंड, मिनिटभर विश्रांती, पडल्यावर उठायला दहा सेकंद. राउंड घड्याळावर आला, म्हणून घंटा आली. गडी जमिनीवर, आकडे सात-आठवर पोचलेत आणि तेवढ्यात टण्ण! वाचला. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या बॉक्सिंगच्या आजच्या युनिफाइड (एकसमान) नियमांत ही सवलतच नाही, घंटा झाली तरी मोजणी चालूच राहते.

आपल्या तालमीत घडलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. 'आस्मान दाखवलं' कसं आलं हे त्याला कुठल्या फॉरवर्डनं सांगावं लागत नाही. पाठ मातीला टेकली की वर दुसरं दिसणार काय?

राहिला 'डेड रिंगर'. तोही मैदानातलाच, घोड्यांच्या शर्यतीतला. अमेरिकेत एखाद्या रडतखडत धावणाऱ्या घोड्याच्या नावावर त्याच्यासारखाच दिसणारा तेज घोडा पळवायचे आणि पैजेत हात धुऊन घ्यायचे. तो बदली घोडा म्हणजे रिंगर. 'डेड' म्हणजे इथे मेलेला नव्हे, अगदी हुबेहूब. साम्य कमी पडलं तर घोड्याला रंग फासायलाही लोक कमी करत नसत.